'क्वाट्रो विकणे आहे': जाहिरातीतली जुनी जर्मन ऑल-व्हील-ड्राइव्ह स्पोर्ट्स कार मोबाइलवर कशी तपासायची?

गाडीच्या मागे चार इंग्रजी अक्षरांऐवजी सात अक्षरांचा एक छोटा बिल्ला असतो, 'क्वाट्रो'. इटालियन भाषेत त्याचा अर्थ फक्त 'चार'. पण सेकंड हँड गाडीच्या जाहिरातीत हा शब्द आला की किंमत लगेच काही लाखांनी चढते आणि वाचणाऱ्याचं डोकं थोडं हलकं होतं. 'क्लासिक जर्मन स्पोर्ट्स कार, ऑल व्हील ड्राइव्ह, सिंगल ओनर, फक्त सिरीयस बायर' अशा जाहिराती आता आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरतात. संगमेश्वरसारख्या गावात बसूनही आपण त्या बघतो, सेव्ह करतो, मित्राला पाठवतो. म्हणून हा लेख. क्वाट्रो म्हणजे यंत्र म्हणून नक्की काय, एकाच बिल्ल्याखाली दोन वेगळी तंत्रं कशी विकली जातात, आणि टोकन पाठवायच्या आधी हातातल्या फोनवर काय काय तपासता येतं, हे सगळं इथे एकत्र देतोय.

मूळ क्वाट्रो कुठली?

१९७७ च्या हिवाळ्यात ऑडीचे अभियंते फिनलंडमध्ये बर्फावर गाड्या चालवून बघत होते. सोबत फोक्सवॅगनची 'इल्टिस' नावाची लष्करी जीपही होती. ताकद जेमतेम ७५ हॉर्सपॉवर, दिसायला डबा. पण बर्फावर ती आपल्याहून कितीतरी ताकदवान गाड्यांना मागे टाकायला लागली, कारण तिची चारही चाकं ओढत होती. यॉर्ग बेन्सिंगर या चॅसी अभियंत्याच्या डोक्यात प्रश्न आला, हेच तंत्र रस्त्यावरच्या वेगवान गाडीत का नाही? तांत्रिक विभागाचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांनी त्याला पाठिंबा दिला. जानेवारी १९७८ मध्ये ऑस्ट्रियातल्या टुराखर ह्योहे या घाटात, जिथे चढ २३ टक्क्यांपर्यंत जातो, प्रयोगाची गाडी साध्या उन्हाळी टायरवर, साखळ्या न लावता बर्फातून वर गेली. मग मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये ऑडी क्वाट्रो जगासमोर आली.

पाच सिलिंडरचं २१४४ सीसी टर्बो इंजिन, २०० पीएस ताकद, शून्य ते शंभर साधारण सात सेकंदांत. आज हे आकडे ऐकून कोणी खुर्चीतून उठणार नाही, पण १९८० मध्ये पावसाळी रस्त्यावर ही ताकद जमिनीवर उतरवणारी गाडी दुसरी नव्हती. रॅलीत तर तिने धुमाकूळ घातला. १९८१ मध्ये मिशेल मूतों हिने सानरेमो रॅली जिंकली, जागतिक रॅली स्पर्धेची फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. १९८२ आणि १९८४ चं उत्पादकांचं विजेतेपद ऑडीला मिळालं. १९८३ मध्ये हान्नू मिकोला आणि १९८४ मध्ये स्टिग ब्लोमक्विस्ट हे क्वाट्रो चालवून जगज्जेते झाले. त्यानंतर बाकी सगळ्यांनाही चार चाकांकडे वळावं लागलं.

१९९१ पर्यंत एकूण ११,४५२ गाड्या बनल्या. जाणकार तिला 'उर-क्वाट्रो' म्हणतात. जर्मनमध्ये 'उर' म्हणजे आद्य, मूळचं. हा शब्द लक्षात ठेवा, कारण जाहिरातीत फोटो बऱ्याचदा हिचा असतो आणि गाडी दुसरीच.

आपल्याकडे 'ऑडी' हे नाव घरोघरी पोचलं ते मात्र वेगळ्याच गाडीमुळे. १० मार्च १९८५ ला मेलबर्नमध्ये भारताने पाकिस्तानला हरवून वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ क्रिकेट जिंकली आणि 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' ठरलेल्या रवी शास्त्रींना ऑडी १०० मिळाली. अख्खा संघ तिच्यावर बसून मैदानात फिरला. २०२२ मध्ये गौतम सिंघानिया यांच्या गॅरेजने ती पुन्हा नव्यासारखी करून शास्त्रींना दिली. (शास्त्री नदीच्या काठावर बसून शास्त्रींच्या ऑडीबद्दल लिहिताना मजा वाटते, पण तो योगायोग आहे.) ती गाडी सेडान होती, क्वाट्रो नव्हती. 'रवी शास्त्रींवाली क्वाट्रो' असं कोणी सांगत असेल तर तिथेच थांबा.

चार चाकांना ताकद द्यायची म्हणजे अडचण काय?

आंबा घाटातलं एखादं वळण डोळ्यासमोर आणा. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक घसटत जाईल. म्हणून त्यांच्यामध्ये डिफरन्शियल असतं, ते दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण पुढची जोडी आणि मागची जोडीसुद्धा वळणावर सारखं अंतर कापत नाही. पुढची चाकं मोठा फेरा घेतात. म्हणजे चारही चाकांना कायम ताकद द्यायची असेल तर मध्येही एक डिफरन्शियल हवं.

जीप किंवा थारसारख्या गाडीत ते नसतं. म्हणून तिथे फोर बाय फोर फक्त चिखलात, वाळूत टाकायचं. कोरड्या डांबरावर टाकून वळवलं तर गाडी अडखळते, गिअरबॉक्समध्ये पीळ बसतो, काही वेळा मोडतोही. शिवाय ट्रान्सफर केस नावाचा एक जड डबा आणि एक जादा दांडा लागतो. वजन वाढतं, गाडी उंच होते. स्पोर्ट्स कारला हे परवडत नाही.

ऑडीने इथे जी युक्ती केली ती मला आजही फार आवडते. फ्रान्झ टेंगलर या अभियंत्याने सुचवलं की गिअरबॉक्समधला एक दांडा पोकळच करू. लांबी फक्त २६३ मिलिमीटर. इंजिनची ताकद या पोकळ दांड्यातून मागे जाते, गिअरबॉक्सच्या शेवटी बसवलेल्या मधल्या डिफरन्शियलला मिळते. तिथून निम्मी ताकद मागच्या चाकांकडे जाते. उरलेली निम्मी त्याच पोकळ दांड्याच्या आतून जाणाऱ्या दुसऱ्या बारीक दांड्याने परत पुढे येते. उसाच्या कांड्यातून दुसरी काडी ओवावी तसं. वेगळी ट्रान्सफर केस नाही, फार वजन नाही, गाडी बुटकीच राहिली.

सुरुवातीच्या गाड्यांत मधलं आणि मागचं डिफरन्शियल चालकाला हाताने लॉक करावं लागे. नंतरच्या गाड्यांत, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, मध्ये 'टॉर्सन' आलं. हे स्क्रूसारख्या दातांच्या चाकांचं डिफरन्शियल आहे. एखादी बाजू घसरायला लागली की दातांमधलं घर्षणच दुसऱ्या बाजूला जास्त ताकद ढकलतं. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, विजेची तार नाही. एकच गोची: एका बाजूची पकड पूर्णच सुटली, चाक हवेत लटकलं, तर टॉर्सनही फारसं काही करू शकत नाही, कारण शून्याला कितीनेही गुणा, शून्यच. म्हणून पुढे घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था जोडीला आली.

बिल्ला एक, यंत्रं दोन

आता जाहिरातीतला खरा गोंधळ. ऑडीने पुढे टीटी नावाची छोटी, गोलसर स्पोर्ट्स कार काढली. तीवरही 'क्वाट्रो'चा बिल्ला आहे. पण टीटीचं इंजिन आडवं बसवलेलं असतं, उर-क्वाट्रोसारखं उभं नाही. त्यामुळे पोकळ दांडा, टॉर्सन वगैरे तिथे बसतच नाही. तिच्यात 'हाल्डेक्स' नावाचा तेलात बुडालेला क्लच आहे, मूळ स्वीडनचा. साध्या चालवण्यात गाडी बहुतेक पुढच्या चाकांवरच चालते. पुढची चाकं घसरली, किंवा घसरतील असं कॉम्प्युटरला वाटलं, की क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि मागच्या चाकांना ताकद जाते.

वाईट आहे का? अजिबात नाही. हलकं आहे, रोजच्या वापरात छान चालतं. पण हाल्डेक्सचं तेल ठरावीक काळाने, साधारण ६०,००० किलोमीटरला, बदलावं लागतं आणि आपल्याकडे कितीतरी मालकांनी ते कधीच बदललेलं नसतं. मग क्लच गप्प बसतो. डॅशबोर्डवर दिवा लागेलच असंही नाही. तुम्ही 'क्वाट्रो' म्हणून घेतलेली गाडी प्रत्यक्षात पुढच्या दोन चाकांची असते.

तिसरी ती आर८. इंजिन सीटच्या मागे, आणि पहिल्या पिढीत पुढच्या चाकांकडे व्हिस्कस कपलिंगने थोडीच ताकद जाते. पोर्शेतही हा प्रकार आहे. १९८६ ची ९५९ ही तर त्या काळची तंत्राची कमाल, आणि १९८९ ची ९११ कॅरेरा ४ पुढे ३१ आणि मागे ६९ टक्के अशी वाटणी करते. या दोन्ही आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायची शक्यता कमी, त्यामुळे इथे थांबत नाही.

एक गोष्ट मात्र कोकणातल्या वाचकांना मुद्दाम सांगतो. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी पावसात निघताना, चढ चढताना, वळणातून बाहेर पडताना मदत करते. थांबताना करत नाही. ब्रेक सगळ्या गाड्यांना चारही चाकांना असतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात, महामार्गावर पाणी साचलं असताना, गुळगुळीत टायरची क्वाट्रो आणि गुळगुळीत टायरची वॅगनआर सारखीच तरंगते. फरक इतकाच की क्वाट्रोवाला तिथे जास्त वेगाने पोचलेला असतो.

एक जाहिरात तपासून बघूया

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या मावसभावाने एक जाहिरात पाठवली. 'क्लासिक ऑडी क्वाट्रो, ऑल व्हील ड्राइव्ह, संगमेश्वरजवळ शेडमध्ये उभी, आज टोकन, उद्या गाडी.' टोकन पन्नास हजार. हा रत्नागिरीत नोकरीला, दोन वर्षं पैसे साठवतोय, आणि त्याचा अंगठा पेमेंटच्या बटणावरच होता. त्याला म्हटलं, एक तास दे.

पहिला फोटो लाल उर-क्वाट्रोचा होता. गुगल लेन्सवर टाकला, तोच फोटो परदेशातल्या जुन्या लिलावाच्या पानावर सापडला. आणि तसंही, अशी गाडी भारतात कुठून येणार? ऑडीने इथे आपला कारभार २००७ साली सुरू केला, तेव्हा उर-क्वाट्रो बंद होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. आज बाहेरून आणायची म्हटलं तर वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आहेत, पण १९८० च्या गाड्या अजून त्या वयाला पोचलेल्या नाहीत. २०२१ च्या नियमांनुसार आपल्याकडे व्हिंटेज नोंदणीसुद्धा पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाल्यावरच मिळते, आणि त्या 'व्हीए' नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. म्हणजे इंग्लंडमधल्या एखाद्या साइटवर स्वस्तातली उर-क्वाट्रो दिसली आणि कोणी 'मी आणून देतो' म्हणाला, तर तो गाडी नाही, स्वप्न विकतोय.

खालच्या फोटोंत मात्र खरी गाडी होती. पांढरी टीटी, नंबर मुंबईचा, एमएच ०२. नंबर एमपरिवहन ॲपमध्ये टाकला. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसतं, पण नोंदणीची तारीख, इंधन, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा, नोंदणी कधीपर्यंत वैध हे सगळं येतं. नोंदणी २००९ ची निघाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे ती २०२४ मध्ये संपलेली, आणि नूतनीकरण झालेलं नव्हतं.

हे फार महत्त्वाचं आहे आणि जाहिरातीत कधीच नसतं. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. नूतनीकरणाला आरटीओत फिटनेस तपासणी होते आणि पाच वर्षांसाठी नोंदणी वाढते. साध्या कारला याचं शुल्क ५,००० रुपये, पण आयात केलेल्या चारचाकीला ४०,००० रुपये. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये वर. २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षांवरच्या आयात गाडीला हाच आकडा ८०,००० झाला. टीटी आणि आर८ या दोन्ही भारतात तयार होऊन नाही, थेट आयात होऊन विकल्या गेल्या. त्यामुळे 'फक्त आरसी रिन्यू करायची आहे' या पाच शब्दांची किंमत अर्ध्या लाखाच्या घरात जाते. पर्यावरण कर वेगळा.

मग चॅसी नंबरचा फोटो मागितला. आरसीवरचा नाही, गाडीवरचा. काचेखाली किंवा बॉनेटखाली कोरलेला. हा सतरा अक्षरांचा असतो आणि बरंच बोलतो. टीटी हंगेरीत ग्यॉर इथे बनायची, म्हणून तिचा नंबर 'टीआरयू' ने सुरू होतो. आर८ चा 'डब्ल्यूयूए' ने, बाकी बऱ्याच ऑडींचा 'डब्ल्यूएयू' ने. पोर्शेचा 'डब्ल्यूपी' आणि शून्य. सातव्या-आठव्या जागेवर मॉडेलची खूण असते, दुसऱ्या पिढीच्या टीटीला '८जे', उर-क्वाट्रोला '८५'. दहाव्या जागेवर मॉडेल वर्ष: २००८ ला ८, २००९ ला ९, २०१० ला 'ए'. दलालाने दोन तास उडवाउडवी केली, मग फोटो पाठवला. नंबर जुळला. गाडी खरी होती, फक्त पहिला फोटो उसना होता. 'लोक क्लिक करतात म्हणून लावला,' म्हणाला.

जिथे गाडीच नसते तिथे पुढची गोष्ट वेगळी घडते. 'मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवतो, क्यूआर स्कॅन करा.' पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याकडून गेले. गेलेच, तर पहिल्या काही तासांत १९३० वर फोन करा. उशीर झाला की खात्यातून खात्यात पैसे पुढे सरकतात आणि गोठवायला काही उरत नाही.

शेडमध्ये गेल्यावर

आम्ही रविवारी गाडी बघायला गेलो. मी सगळ्यात आधी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं ते आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर. त्या दिवशी शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यातल्या काही पुसून-धुऊन पुन्हा बाजारात आल्या असणार हे सांगायला ज्योतिषी नको. कार्पेट बदलता येतं, सीट ड्रायक्लीन होते, पण सीटबेल्टचा गुंडाळलेला शेवटचा फूटभर भाग कोणी धूत नाही. तिथे चिखलाची रेषा राहते. मग सीटखालचे वायरचे जोड, डिकीतल्या स्टेपनीखालची खाच, फ्यूजबॉक्सचे पिवळे-हिरवे डाग. या गाडीत काही सापडलं नाही, बेल्ट कोरा होता.

टायर मात्र बोलले. पुढे दोन नवे एका कंपनीचे, मागे दोन झिजलेले दुसऱ्या कंपनीचे. साध्या गाडीत हे चालून जातं. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये नाही. झिजलेलं टायर लहान होतं, त्याच अंतरात जास्त फेरे घेतं, आणि यंत्राला वाटतं चाक घसरतंय. मग सरळ रस्त्यावरही हाल्डेक्सचा क्लच किंवा टॉर्सनचे दात विनाकारण काम करत राहतात, तापतात, झिजतात. चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, आणि खाचांच्या खोलीत दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक नको. म्हणजे एक टायर फुटला तरी कधीकधी चार घ्यावे लागतात. हा खर्च मावसभावाच्या हिशेबात नव्हता.

नंतर ओबीडी. स्टिअरिंगच्या खाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात काही शे रुपयांचा ब्लूटूथ रीडर लावला की फोनवरच्या ॲपमध्ये इंजिनच्या तक्रारी दिसतात. (उर-क्वाट्रोच्या काळात हे नव्हतंच.) तक्रार एकही नव्हती, आणि त्याचाच संशय आला. ॲपमध्ये 'रेडिनेस' नावाचं एक पान असतं. गाडी काही दिवस नीट चालली की तिथल्या चाचण्या पूर्ण दिसतात. इथे जवळजवळ सगळ्या अपूर्ण होत्या. म्हणजे एकतर बॅटरी काढली होती किंवा तक्रारी नुकत्याच पुसल्या होत्या. शेडमध्ये उभ्या गाडीची बॅटरी काढणं साहजिकही आहे, त्यामुळे लगेच चोर म्हणायचं नाही. पण साध्या रीडरला हाल्डेक्सचा कॉम्प्युटर बहुधा दिसत नाही. त्याला फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांसाठीचं खास स्कॅनर लागतं, ते या गाड्या जाणणाऱ्या मेकॅनिककडे असतं.

हाल्डेक्सची गावठी चाचणी शेडबाहेरच्या अंगणात झाली. जांभ्याची बारीक खडी पसरलेली होती. मालकाची परवानगी घेऊन गाडी जागेवरून जरा जोरात सोडायची आणि दुसऱ्याने बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं राहून बघायचं. क्लच काम करत असेल तर चारही चाकं थोडी खडी उडवतात आणि गाडी निघते. इथे पुढची दोन चाकं खडी उकरत राहिली, मागची ढिम्म. तेल बदलून भागेल, पंप जाईल की अख्खं युनिट, हे उघडल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. आम्ही दलालाला किंमत सांगितली ती या गृहीतावर की क्वाट्रो बंद आहे. तो अजून 'बघतो' म्हणतोय.

गाडी घाटात बंद पडली तर काय, हेही आधीच ठरवून ठेवा. दोन चाकं उचलून आणि दोन जमिनीवर ठेवून ओढणारी क्रेन अशा गाडीला चालत नाही. जमिनीवरची चाकं फिरतात, त्यांच्यासोबत आतलं सगळं यंत्र फिरतं आणि तुटतं. सपाट तळाचीच टोइंग गाडी मागवायची. साखरप्यापासून वर आंबा घाटात रात्री दहाला ती मिळवणं किती सोपं आहे, हे तिथल्या माणसांना विचारा.

कागद: सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महागडा भाग

विराट कोहलीने आपली २०१२ सालची पांढरी आर८ एका दलालामार्फत विकली. विकत घेणारा पुढे मीरा रोडच्या बनावट कॉल सेंटर प्रकरणात, जे २०१६ मध्ये उघडकीस आलं, मुख्य आरोपी ठरला आणि ठाणे पोलिसांनी गाडी जप्त केली. कोहलीचा त्या प्रकरणाशी संबंध नव्हता. पण नंतर त्या गाडीचे धूळ खात उभे असलेले फोटो सगळीकडे फिरले. गुन्ह्यातला मुद्देमाल झालेली गाडी अशीच उभी राहते, तिचं इंजिन कितीही भारी असो. म्हणून गाडी घेताना ती चोरीची किंवा गुन्ह्यात हवी असलेली नाही ना, हे बघायचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'डिजिटल पोलीस' पोर्टलवर वाहनाची अशी तपासणी नागरिकांना करता येते, आणि त्याचा कागदही निघतो. थकलेली चलनं महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर गाडी नंबर आणि चॅसी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून दिसतात.

नाव बदलण्यासाठी विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि दोघांनी मिळून फॉर्म ३० भरायचा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८. कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ बँकेच्या सहीचा. आलिशान गाड्या कमी कर असलेल्या राज्यात नोंदवून इथे चालवण्याची जुनी खोड आहे. दुसऱ्या राज्याच्या नंबरची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर आणि इथला कर दोन्ही लागतात, आणि तो तुम्हीच भरणार.

'कोऱ्या फॉर्मवर सही करून देतो, तुम्ही सावकाश नाव चढवा' हे विकणाऱ्यालाही महागात पडू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सांगितलंय की अपघात झाला तर नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, मग मध्ये गाडी कितीही हातांतून गेलेली असो. त्यामुळे तुमची जुनी गाडी विकतानाही हाच नियम धरा.

विम्याचं वेगळं आहे. गाडीचं नाव बदललं की विमा आपोआप पूर्ण तुमचा होत नाही. समोरच्याच्या नुकसानीचा भाग चालू राहतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीसाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. आधीच्या मालकाचा 'नो क्लेम बोनस' त्याच्यासोबतच जातो, तुम्हाला मिळत नाही. आणि पाच वर्षांहून जुन्या गाडीची विम्यातली किंमत तक्त्यात नसते, ती तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. दुरुस्तीची बिलं, चारही टायरची पावती, हाल्डेक्स तेल बदलल्याची नोंद अशी फाइल समोर ठेवली तर ही किंमत वर जाते. नुसते फोटो दाखवले तर कंपनी तिला पंधरा वर्षांची जुनी गाडी म्हणूनच मोजते.